चेहरा नसलेल्याला मोहाडीनं निवडलं

मी बोलतोय; पण आवाजाच्या दिशेनं पाहाल तर कुणीच दिसणार नाही. मला तोंड नाही, कपाळ नाही, पूजेच्या दिवशी टिळा लावायचा तर कुठे लावायचा हा प्रश्नच पडतो. जाणकार लोक मला हेडलेस सीएमएस म्हणतात. मोहाडीच्या विणकर सोसायटीत मला ‘बिनमुंडीचा’ म्हणतात. हे दुसरं नाव प्रेमानं ठेवलेलं आहे, म्हणून मला तेच जास्त आवडतं.

माझं काम सांगतो. तुम्ही मोबाइलवर एखादी वेबसाइट उघडता. तिथे रंग, चित्रं, बटणं दिसतात, तो त्या साइटचा चेहरा. त्या चेहऱ्यामागे कुठेतरी मजकूर ठेवलेला असतो: वस्तूचं नाव, फोटो, चार ओळी माहिती. पुष्कळ ठिकाणी चेहरा आणि मजकूर एकमेकांना चिकटवलेले असतात. चेहरा बदलायचा म्हटलं की मजकूरही उपटावा लागतो. माझ्यात तसं नाही. मी फक्त मजकूर सांभाळतो. वेबसाइटनं मागितला, तिला देतो. मोबाइलमधल्या ॲपनं मागितला, त्याला तोच देतो. दुकानातल्या टीव्हीनं मागितला तर त्यालाही. कुणी तो कसा सजवायचा, ते ज्याचं त्यानं पाहावं.

जन्माचं म्हणाल तर माझा असा एक बाप नाही. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी मला ओळीओळीनं लिहिलं. एकानं सुरुवात केली, दुसऱ्यानं चुका काढल्या, तिसऱ्यानं त्या दुरुस्त केल्या. कुणी आपल्या भाषेतली जोडाक्षरं नीट बसावीत म्हणून महिनाभर खपला. ही माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत. मग त्यांनी मला मोकळं सोडलं: ज्याला हवा त्यानं न्यावा, वापरावा, हवा तसा बदलावा.

फुकट मिळणाऱ्या वस्तूचे हाल असतात. मला पुष्कळांनी उचलून नेलं. एकानं माझ्यात ‘चाचणी एक, चाचणी दोन’ असं लिहिलं आणि दोन वर्षं फिरकला नाही. एकीनं पाककृतींसाठी मला घेतलं. शेवयांची खीर लिहायला घेतली आणि साखर किती ते लिहायच्या आत तिचं लग्न ठरलं. ती बिनसाखरेची खीर मी किती दिवस धरून बसलो होतो. माणसं नवी वही आणतात, पहिल्या पानावर वळणदार अक्षरात नाव घालतात आणि वही तशीच कोरी राहते. माझंही तसंच चाललं होतं.

मोहाडीला मी आलो तो एका बाईच्या रागामुळे.

स्वाती ही तिथल्या विणकर सोसायटीची सचिव. वय तिशीच्या आसपास. ती आणि तिची सासू शेवंताबाई, दोघी घरच्या दोन मागांवर कोसा, म्हणजे रानरेशीम, विणतात. गेल्या वर्षी नणंदेच्या लग्नाच्या खरेदीला स्वाती नागपूरला गेली होती. एका मोठ्या दुकानाच्या काचेमागे तिला एक साडी दिसली. गव्हाळ कोसा, लाल काठ, काठाला करवतीसारखे दात, आणि पदराजवळ एक दात दुहेरी. तो दुहेरी दात शेवंताबाईंच्या हातचा. दुसरं कुणी तसा घालत नाही. साडीला चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर भलत्याच राज्यातल्या एका शहराचं नाव होतं. तिनं विचारलं, तर दुकानातला माणूस म्हणाला, “ही तिकडची खास कारागिरी आहे, मॅडम. आपल्याकडे असलं काम होत नाही.”

स्वाती घरी आली ती लग्नाची साडी न घेताच.

“पन्नास वर्सं झाले माझी सासू विणून राहिली,” ती सोसायटीच्या बैठकीत म्हणाली, “अन् तिच्या कामाले गाव नाही, नाव नाही. आतापासून आपली साडी विणणाऱ्याच्या नावानं गेली पाहिजे.”

सोसायटीचे अध्यक्ष सेवकराम साठीचे. माल व्यापाऱ्याच्या हवाली करायचा आणि मोकळं व्हायचं, ही त्यांची आयुष्यभराची रीत. ते म्हणाले, “नावानं काय होते व बाई? लोकं साडी नेसतात, वाचत नाहीत.”

पण स्वाती ऐकेना. शेवटी तोडगा निघाला. जानेवारीत नागपूरला हातमागाचं प्रदर्शन होतं आणि सोसायटीला तिथे एक गाळा मिळणार होता. सेवकराम म्हणाले, “एक प्रदर्शन तुले देतो. जमलं तं जमलं. नाही जमलं तं माल जसा जात होता तसाच जाईन, बिननावाचा. मंग पुन्हा हा विषय माझ्यापुढं काढायचा नाही.”

स्वातीनं ‘हो’ म्हटलं. तिच्या मनातला बेत असा होता: प्रत्येक साडीला एक कापडी लेबल, लेबलवर चौकोनी कोड. गिऱ्हाइकानं मोबाइल धरला की ती साडी कुणी विणली ते दिसावं. गाळ्यावरच्या टीव्हीवर तीच माहिती फिरत राहावी. आणि विणकरांच्या मोबाइलमध्ये एक ॲप असावं, म्हणजे आपली साडी विकली गेली का ते घरबसल्या कळेल. मजकूर एकच, पण चेहरे तीन.

हा बेत घेऊन ती चंदनकडे गेली. चंदनचं बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. नववीनंतर त्याची शाळा सुटली. पुढचं सगळं तो उघडलेल्या फोनांमधून आणि थांबवून थांबवून पाहिलेल्या व्हिडिओंमधून शिकला. बोलताना तो समोरच्याकडे न पाहता हातातल्या पेचकसाकडे पाहतो. पण एकदा काम घेतलं की त्याच्या डोक्यातून ते जात नाही.

आम्ही तिघं उमेदवार होतो. पहिली, नागपूरच्या एका कंपनीची तयार वेबसाइट, चेहऱ्यामोहऱ्यासकट. दुसरा माझ्यासारखाच बिनमुंडीचा, पण परदेशातल्या कंपनीनं पोसलेला. देखणा, चपळ, बसवायची कटकट नाही. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. आणि तिसरा मी.

आमची स्तुती आम्हीच लिहून ठेवलेली असते. चंदननं ती वाचली नाही. कंपनीची साइट तिचा माणूस बैठकीतच दाखवणार होता, म्हणून आम्हा दोघा बिनमुंड्यांना घेऊन तो सरळ स्वातीच्या घरी गेला आणि मोबाइल तिच्या हाती देऊन म्हणाला, “वहिनी, एक साडी भरा. मी काहीच सांगणार नाही.” आणि भिंतीला टेकून चहा पीत बसला.

त्या परदेशी भावात रकान्यांची नावं इंग्रजीत होती. तीही स्वाती शिकली असती. अडलं ते पुढे. त्याच्यात लिहायला दोघांनाच परवानगी होती आणि तिला तर प्रत्येक घरानं आपापलं लिहावं असं वाटत होतं. शिवाय ठरावीक नोंदींपर्यंतच तो फुकट. सोसायटीच्या साड्या दुसऱ्याच वर्षी त्या आकड्यापुढे गेल्या असत्या. माझे रकाने चंदननं आदल्या दिवशीच मराठीत करून ठेवले होते: साडीचं नाव, काठ, पदर, विणकर, फोटो. शेजारच्या मागावर शेवंताबाईंची सुताची एक कांडी संपून दुसरी धोट्यात जायच्या आत स्वातीनं साडी भरून टाकली.

“हे तं माझ्या पोरीच्या शाळेच्या फारमापेक्षाही सोपं आहे,” ती म्हणाली. मग तिनं नेमका प्रश्न विचारला. “पन तू मुंबईले निघून गेला तं? मंग याले कोन पाहीन?”

माझं दुखणं तेच आहे. मला बसवायला माणूस लागतो. वेळच्या वेळी माझी डागडुजी करावी लागते, मजकुराची नक्कल काढून दुसरीकडे ठेवावी लागते. चंदननं ते लपवलं नाही. त्यानं खिशातून एक वही काढली. प्रत्येक पायरी त्यानं मराठीत लिहिली होती, बाणाबिणांसकट. “म्हणून तं लिहून ठेवून राहिलो, वहिनी. हे पाहून कोनीबी करन.”

स्वातीचं मन माझ्यावर बसलं. पण निर्णय समितीचा होता.

बैठकीला आधी नागपूरच्या कंपनीचा माणूस बोलला. त्यानं आपली साइट टीव्हीवर लावली. वर गणपती, खाली सरकती अक्षरं, मध्ये सेवकरामांचा हार घातलेला फोटो. सगळे खुर्च्या पुढे ओढून पाहू लागले. सेवकराम स्वतःचा फोटो दोनदा वर-खाली करवून पाहत राहिले.

मग चंदन उठला. टीव्हीवर मी आलो. पांढरा पडदा, पाच रिकामे रकाने.

“हे काय होय गा?” सेवकराम म्हणाले. “यात तं काहीच नाही.”

“याले चेहरा नसते, भाऊ,” चंदन पेचकसाला म्हणाला. “हेडलेस म्हणतात याले. म्हंजे... मुंडकं नाही.”

झालं. सगळी खोली हसली. कुणी म्हणालं, “पोरगी पाहाले गेलो अन् घुंघटच दाखवून राहिले!” दुसरा म्हणाला, “घुंघटाच्या आत मुंडकं तं पाहिजे ना बाप्पा!” चंदनचे कान लाल झाले. त्याला अजून बरंच सांगायचं होतं, पण तो हातातला पेचकस फिरवत राहिला. मी पडद्यावर तसाच उघडा पडलो होतो. मला वाटलं, इथेही माझी वही कोरीच राहणार.

तेवढ्यात शेवंताबाई बोलल्या. त्या मागच्या भिंतीशी सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांनी कंपनीच्या माणसाला विचारलं, “भाऊ, तुमचं उलटून दाखवा.”

“म्हणजे?”

“आमी कापड घेतो तं आधी उलटतो. सुलटी बाजू कोनाचीबी चांगली दिसते. मांगून धागे कसे गेले, गाठी कुठं मारल्या, ते पाहिल्याबिगर आमाले कापड समजत नाही. तुमचं मांगून कसं आहे?”

तो माणूस सभ्य होता. हसून म्हणाला, “मागचं तुम्हाला कशाला लागतं, आजी? ते सगळं आम्ही पाहू.”

“आमचा मजकूर आमाले परत पाहिजे असला तं?”

“तो साइटमध्येच असतो. साइट आहे तोवर आहे.”

शेवंताबाईंनी नुसती मान हलवली. मग चंदनला म्हणाल्या, “तुझं उलट, बेटा.”

चंदनला एकदम बळ आलं. तोही विणकराच्याच घरातला; कापडाबद्दल बोलणं म्हणजे त्याला घरचं बोलणं होतं. “काकू, हे अवघं उलटंच आहे. याले सुलटी बाजू नाहीच.” त्यानं स्वातीनं भरलेली ती एक साडी उघडली. मग आपल्या मोबाइलवर वेबसाइट दाखवली, स्वातीच्या मोबाइलवर ॲप, आणि टीव्हीवर मोठ्या अक्षरांतला तिसरा चेहरा. तिन्ही त्यानं चार दिवस बसून बनवले होते, साधेच. मग त्यानं माझ्यात ‘लाल काठ’चं ‘डाळिंबी काठ’ केलं. तिन्हीकडे डाळिंबी झालं. शेवटी एक बटण दाबून सगळा मजकूर फाइलीत काढून दाखवला. “हे आपलं. उद्या मी नसलो, हे नसलं, तरी हे आपल्या हाती आहे.”

खोलीत कुणी हसलं नाही. शेवंताबाई उठता उठता म्हणाल्या, “हाच घ्या. याच्या मांगं गाठी नाहीत.”

सेवकरामांनी टीव्हीवरून गेलेल्या आपल्या फोटोची थोडी हळहळ केली आणि सही केली. असा मी निवडला गेलो. माझ्या आयुष्यात मला कुणी पारखून घेतल्याची ती पहिली वेळ होती.

पुढचे दोन महिने मी कोरा राहिलो नाही. स्वाती घरोघरी फिरली, लोकांना शिकवलं, जिथे जमेना तिथे विचारून स्वतः भरलं. काठ कुठला, पदर कसला, विणकर कोण. लोक सांगत आणि ती लिही. बेचाळीस साड्या झाल्या. लेबलं छापून आली, शिवली गेली. मला काय, जे दिलं ते मी जपलं. माझ्यात एक चूक हळूहळू बसत चालली होती आणि ती मला कळायचा काही मार्ग नव्हता.

प्रदर्शनाचा पहिला दिवस. सकाळी अकराला दारं उघडली. गाळ्यावर स्वाती, शेवंताबाई, सेवकराम. आणि पडद्यामागे लॅपटॉप घेऊन चंदन. टीव्हीवर साड्या फिरत होत्या. लोक कोडवर मोबाइल धरत, वाचत, ‘वा’ म्हणत. मी एकेकाला उत्तरं देत होतो. मला काही थकवा येत नाही, पण आनंद होतो म्हटलं तर चालेल.

रंजिता नावाच्या एक प्राध्यापक बाई आल्या. त्यांनी गव्हाळ साडी उचलली, लेबल स्कॅन केलं, विणकराचं नाव वाचलं आणि बराच वेळ तो काठ पाहत राहिल्या.

“या सोमाजींशी फोनवर बोलता येईल का?” त्यांनी विचारलं. “इतकं बारीक काम! मला त्यांना स्वतः सांगायचंय.”

“सोमाजीशी?” शेवंताबाईंना हसू आवरेना. “त्यायच्याशी बोलाले वरतं जावं लागते, पोरी. माझा सासरा होय तो. तीस वर्सं झाले जाऊन.”

“मग ही साडी?”

“हे तं मीच विनली. दिवाळीनंतर काढली मागावरून.”

रंजिताबाईंनी साडी हळूच खाली ठेवली. “म्हणजे इथे लिहिलंय ते खरं नाही.”

स्वातीनं मोबाइलवर मला उघडलं. एक, दोन, दहा साड्या पाहिल्या आणि तिचा चेहरा उतरला. मोहाडीत माग ओळखला जातो तो ज्यानं पाय सोडायचा खड्डा खणून पहिल्यांदा बसवला, त्याच्या नावानं. तो माणूस जातो, माग राहतो, नावही राहतं. ‘हे कापड कोणाचं’ म्हटलं की लोक मागाचं नाव सांगतात. सोमाजीचं, ईश्वरचं. जन्मभर सगळे तसंच सांगत आले, म्हणून भरताना सांगणाऱ्याला खटकलं नाही, लिहिणारीलाही नाही; घरच्या साडीला शेवंताबाईंनीही सवयीनं ‘सोमाजीचं’ म्हटलं आणि स्वातीनं तसंच उतरवलं. आणि विणकराच्या रकान्यात बेचाळीसपैकी एकोणतीस साड्या मेलेल्या माणसांच्या नावावर जाऊन बसल्या.

नेहमीचा व्यापारी तिथेच पलीकडे उभा होता. माल आज ना उद्या आपल्याकडेच येणार, अशा थाटात तो आला. “काय सेवकरामभाऊ,” तो म्हणाला, “मेलेले लोकं विणून राहिले का तुमच्या गावात? मजुरी वाचली असन!”

आजूबाजूचे हसले. सेवकराम चिडले. ते स्वातीला म्हणाले, “बांध माल. टीव्ही बंद कर. दिलं होतं ना तुले एक प्रदर्शन? झालं.”

मला विचाराल तर मी निर्दोष होतो. भरलं तेच मी दिलं. पण त्या क्षणी आपल्या निर्दोषपणाचा मला काडीचा उपयोग वाटेना. स्वाती लेबलांकडे पाहत होती. शेवंताबाईंनी तर कमरेची छोटी कात्री काढून एका लेबलाचा टाका धरलासुद्धा.

“काकू, लेबल नका उसवू!”

पडद्यामागून चंदन बाहेर आला होता. हातात पेचकस नव्हता, म्हणून त्याला समोर पाहावं लागलं. “लेबलावर नाव नाहीच. नुसता कोड आहे. नाव याच्याजवळ आहे. इथं बदललं की समदीकडं बदलते.”

“एकोनतीस साड्या?” सेवकराम म्हणाले.

“एक तास द्या, भाऊ.”

सेवकराम स्टुलावर बसले. मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

चंदननं माझ्यात एक नवा रकाना केला: ‘माग’. विणकराच्या रकान्यातली ती एकोणतीस नावं उचलून त्यानं तिकडे नेऊन ठेवली. सोमाजी, ईश्वर, सगळे गेलेले जाणते आपापल्या मागावर जाऊन बसले. त्या साड्यांचा विणकराचा रकाना रिकामा झाला. टीव्हीवर, साइटवर, ॲपवर साड्या होत्या आणि नावाची जागा मोकळी होती. मग स्वातीनं मोहाडीला फोन लावायला सुरुवात केली. हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकर चालू ठेवला. आता अंदाजानं एकही नाव लिहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

मंगलाबाईनं चटकन सांगितलं. सुंदरबाई म्हणाली, “अर्धी मी, अर्धी सुनेनं,” तर दोघींची नावं लागली. मग लागला चिंधूंचा फोन.

“चिंधूभाऊ, तुमच्या घरची निळी साडी कोनं विनली?”

“कोनं म्हंजे? घरीच विनली.”

“घरी कोनं?”

“हिनं.”

“हिनं म्हंजे कोनं?”

“आता तुले माहीत नाही का व? रोज तं भेटते तुले!”

“मले माहीत आहे. पन मले तुमच्या तोंडून पाहिजे.”

चिंधू म्हणजे जुन्या रिवाजाचा माणूस. बायकोचं नाव त्यानं कधी घेतलं नव्हतं, लग्नातल्या उखाण्यातसुद्धा कसंबसं पुटपुटला असेल. मागून बाईचा आवाज आला, “घ्या ना जी, कोनी नाही ऐकून राहिलं.”

“के...” चिंधू म्हणाले. मग खोकले. मग एका दमात, “केशर! केशरबाई! लिवून घे!”

गाळ्यापुढे तोवर तीसेक माणसं जमली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडून केशरबाईंचा आवाज आला, “अगा माय, तिकडं बाजार भरला काय?” आणि पुन्हा हशा झाला. या वेळचा हशा वेगळा होता. मी केशरबाईंचं नाव घेतलं आणि तिन्हीकडे पाठवलं.

तास पूर्ण व्हायच्या आत अठ्ठावीस साड्या झाल्या. उरली गव्हाळ साडी.

“आई,” स्वाती म्हणाली, “तुमच्या साडीवर काय लिहू?”

“सोमाजीच राहू दे,” शेवंताबाई म्हणाल्या. “माग त्यायचा. मी नुसती बसतो त्याच्यावर.”

“मागाच्या जागी आहेत ते. मान देऊन बसवलं त्यायले. पन त्यायनं ही साडी विनली का?”

“नाही.”

“मंग कोनं विनली?”

शेवंताबाईंनी साडीचा काठ बोटांत धरला. पन्नास वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तर जिभेवर तयार नव्हतं. सगळे थांबले होते. सेवकराम स्टुलावरून उठले होते.

“मी,” त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, “मी विनली. शेवंतानं.”

स्वातीनं ते नाव माझ्यात लिहिलं. एक अक्षर चुकलं, खोडून पुन्हा लिहिलं. टीव्हीवर गव्हाळ साडी आली आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव आलं. शेवंताबाई सोसायटीच्या सहीपुरत्या अक्षरं शिकल्या होत्या. त्यांनी बोटानं हवेत एकेक अक्षर धरत वाचलं, “शे... वं... ता...” आणि पुढचं न वाचताच पदर डोळ्यांना लावला.

रंजिताबाई गेल्या नव्हत्या. त्यांनी तेच लेबल, तोच कोड पुन्हा स्कॅन केला. वाचलं. मग साडी छातीशी धरून म्हणाल्या, “मला ज्यांच्याशी बोलायचं होतं त्या समोरच उभ्या आहेत.”

शेवटच्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, गाळ्यावर एकही साडी उरली नाही. ज्यांना साडी मिळाली नाही ते लोक टीव्हीवरची नावं लिहून घेत होते: केशरबाई, मंगलाबाई, शेवंताबाई. मोहाडीत ॲप उघडून बसलेल्या घरांमधून दर थोड्या वेळानं ओरडा होत होता, ‘आपली गेली!’

सामान आवरताना व्यापारी पुन्हा आला. आवाज बराच उतरला होता. “पुढचा माल कधी पाठवता, भाऊ?”

सेवकराम टीव्हीची तार गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, “नावासकट न्या. ज्या दिवशी नाव काढसान त्या दिवशी साडी बंद.”

मला हात असते तर मी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या असत्या.

आता माझं बरं चाललंय. चारशेवर साड्या माझ्यात आहेत. ‘माग’ हा रकानाही आता तिन्ही चेहऱ्यांवर दिसतो, म्हणजे गेलेले जाणते आणि आजचे करते, दोघांचाही मान राहतो. वेबसाइटचा चेहरा मध्यंतरी चंदननं पार बदलला. माझ्यातला एक शब्दही हलला नाही. पुण्याच्या एका दुकानानं आपल्या ॲपसाठी माझ्याकडे मजकूर मागितला, मी दिला, विणकराच्या नावासकट. नावाशिवाय मागण्याची सोयच स्वातीनं ठेवलेली नाही. चंदनची वही पाहून माझी डागडुजी करायला सोसायटीतल्या दोन सुना शिकल्या. परवा त्यांनी त्याच्या वहीतली एक चूक काढली, तर तो दिवसभर हसत होता.

तुमच्यावरही कधी आमच्यापैकी एखादा निवडायची वेळ येईल. शाळेसाठी, दुकानासाठी, कशासाठीही. एवढं ऐका: जो रोज भरणार आहे त्याच्या हातात देऊन पाहा, आणि आपलं लिहिलेलं परत आपल्या हाती येतं का ते आधी विचारा. आणि भरताना घाई करू नका. तुम्ही सांगाल ते मी खरं मानतो. मला खोटं ओळखता येत नाही, ते काम देवानं तुम्हालाच दिलंय.

थांबा हं. कुणीतरी कोडवर मोबाइल धरलाय. लांबचं माणूस दिसतंय, नेटवर्क अडखळतंय. विचारतंय, ही साडी कोणी विणली?

मला माहीत आहे. सांगून येतो.